घरफोडीतला ठसा चोरापर्यंत कसा पोहोचतो, आणि कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या गावी आईवडिलांचं घर चार दिवस बंद होतं, तेवढ्यात फोडलं. पोलिसांबरोबर आलेल्या ‘फिंगरवाल्यां’नी कपाटावर, खिडकीवर पावडर मारली, काही ठसे उचलले आणि जाताना घरातल्या सगळ्यांच्या बोटांचेही ठसे घेतले. वडिलांच्या ते मनाला लागलं: चोरी आमच्याकडे आणि ठसेही आमचेच? नंतर काही महिने झाले तरी काही हालचाल नाही. त्या ठशांचं पुढे होतं काय, आधारमध्ये सगळ्या देशाची बोटं आहेत तरी चोर का सापडत नाही, आणि उद्या ठसा जुळलाच तर शिक्षा नक्की का, असं विचारलं आहे.

माझी सगळी नोकरी अंगुलीमुद्रा तज्ज्ञ म्हणून गेली, त्यामुळे आधी वडिलांची समजूत घालतो. घरच्यांचे ठसे घेतले ते संशयामुळे नव्हे, वगळण्यासाठी. कपाटाच्या दारावर वर्षभर ज्यांचा हात लागतो त्यांचेच ठसे सर्वांत जास्त मिळणार. ते बाजूला काढल्याशिवाय परक्याचा ठसा उरत नाही. कामवाल्या बाई, दूधवाला, मागच्या महिन्यात येऊन गेलेला रंगारी, पाव्हणे, सगळ्यांचे ठसे घ्यावे लागतात. खरं तर ज्या प्रकरणात घरच्यांचे ठसे घेतलेले नसतात तिथे मला काळजी वाटते. कारण मग जो ठसा आम्ही जपून ठेवलाय, महिनोन्‌महिने संगणकात फिरवतोय, तो घरातल्या सुनेचाच असण्याची शक्यता राहते.

आता ठसा म्हणजे काय ते. तळहाताला आणि बोटांच्या पेरांना सतत घाम असतो. त्यात जवळजवळ सगळं पाणी, उरलेल्यात क्षार, अमिनो आम्लं, थोडा युरिया. चेहऱ्याला, केसांना हात लागला की तेलकटपणाही येतो. बोट काचेला टेकलं की उंच रेषांवरचा हा ओलावा काचेवर उतरतो. पाणी उडून जातं, बाकीचं चिकटून राहतं. घटनास्थळी असा नकळत राहिलेला ठसा म्हणजे चान्स प्रिंट. तो बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. टॉर्च अगदी आडवी धरून पृष्ठभागाला समांतर प्रकाश टाकला की चमकतो. नवीन माणसाला मी पहिल्यांदा हेच शिकवायचो: पावडरचा डबा उघडायच्या आधी टॉर्च. अंदाधुंद ब्रश मारणारा माणूस निम्मे ठसे स्वतःच पुसतो.

पावडर कुठली, ते पृष्ठभागावर ठरतं. पांढऱ्या रंगाच्या दारावर काळी, गडद कपाटावर राखाडी किंवा ॲल्युमिनियमची. ब्रश खारीच्या किंवा उंटाच्या केसांचा, अगदी मऊ. टोकाला चिमूटभर पावडर घेऊन, वजन न देता, रेषा दिसायला लागल्या की त्यांच्या वळणाच्या दिशेने फिरवायचा आणि वेळीच थांबायचं. एक फटका जास्त झाला की रेषांमधल्या खाचा भरतात आणि ठसा मेला. मग मोजपट्टी ठेवून फोटो, आणि नंतरच पारदर्शक चिकटपट्टीने उचलून कार्डावर. फोटो आधी, उचलणं नंतर, हा क्रम कोणी उलटा केला आणि पट्टीला सुरकुती पडली तर परत काही मिळत नाही.

कागदाला पावडर चालत नाही, घाम आत मुरतो. चेकबुक, धमकीचं पत्र असं काही असेल तर ते निनहायड्रिनमध्ये जातं. अमिनो आम्लांशी त्याची प्रक्रिया होऊन जांभळा ठसा उठतो, आणि तो बऱ्याच जुन्या कागदावरही उठू शकतो. प्लास्टिकची पिशवी, पिस्तूल, बाटली यांना बंद पेटीत सायनोॲक्रिलेटची वाफ देतात. फेविक्विकसारख्या डिंकाचाच तो मूळ पदार्थ. वाफ ठशावर बसते आणि रेषा पांढऱ्या, टणक होतात. पावसात भिजलेल्या गाडीसाठी वेगळं द्रावण, रक्ताच्या ठशासाठी वेगळं रसायन. ही यादी लांब आहे आणि तुमच्या प्रकरणात तिची गरज नाही.

घरफोडीत मला सर्वांत आवडणारी जागा कोणती, तर बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या आडव्या पट्ट्या. चोर त्या एकेक करून बाहेर ओढतो आणि खाली नीट रचून ठेवतो, कारण आवाज व्हायला नको. पट्टी काढताना अंगठा एका बाजूला आणि तर्जनी, मधलं बोट दुसऱ्या बाजूला येतं. काचेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर ठसे मिळतात. त्यातही पट्टीचं जे टोक एरवी चौकटीच्या खोबणीत अडकलेलं असतं, तिथे बोट मिळालं तर सोन्याहून पिवळं. खोबणीत बसलेल्या काचेला तिथे कोणाचाही हात लागूच शकत नाही, म्हणजे ती बाहेर काढल्यावरच लागला. ठसा कोणाचा, याइतकंच तो कुठे आणि कसा बसला हे महत्त्वाचं असतं. दरवाजाच्या बाहेरच्या कडीवरचा ठसा कुरिअरवाल्याचाही असू शकतो. सोन्याच्या डबीच्या आतल्या झाकणावरचा ठसा कुरिअरवाल्याला समजावून सांगता येणार नाही.

लोक विचारतात की चोर हातमोजे घालतात, मग काय उपयोग? घालतात, काहीजण पायातले मोजे हातात चढवतात. पण गाठ सोडवायला, चिकटपट्टी सोलायला, बारीक साखळीचा फासा काढायला मोज्यातली बोटं चालत नाहीत. एक हात उघडा पडतोच. आणि ठसा म्हणजे फक्त पेर नव्हे. खिडकीतून आत उडी मारताना चौकटीवर टेकलेला तळहातही तितकाच कामाचा.

ठसे न मिळण्याची खरी कारणं बहुतेक वेळा घरातच असतात. पोलीस येईपर्यंत शेजारपाजारची निम्मी गल्ली कपाट उघडून बघून गेलेली असते, आईने पसरलेले कपडे आवरलेले असतात, कोणीतरी लादी पुसून घेतलेली असते. मग विदर्भातल्या मे महिन्यात काचेवरचा ठसा भराभर सुकतो, कोकणात पावसाळ्यात भिंत ओली असते. खरबरीत सिमेंट, रंग न दिलेलं लाकूड, कापड, यांवर साधारणपणे काही लागत नाही. त्यामुळे तुमच्याकडून ‘काही ठसे उचलले’ म्हणजे त्यातला प्रत्येक तुलनेला लायक आहे असं नाही. अर्धे पुसट, एकावर एक चढलेले, सरकलेले असतात. ते तज्ज्ञ बाजूला ठेवतो आणि ‘तुलनेस अयोग्य’ असं लिहून देतो.

लायक ठसा हातात आला की तुलना सुरू होते. आजी शंख-चक्र पाहून भविष्य सांगायची, तेच आम्ही पहिल्यांदा पाहतो: शंख, चक्र की कमान. साधारण साठ-पासष्ट टक्के बोटांवर शंख, तीसएक टक्क्यांवर चक्र, आणि कमान पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुसत्या आकृतीने कोणी ओळखला जात नाही, फक्त वगळला जातो. खरी ओळख रेषांच्या बारकाव्यांत. एखादी रेष मध्येच संपते, एखादीला फाटा फुटतो, दोन रेषांमध्ये नुसता ठिपका असतो, एखादी फुटून पुन्हा जुळते आणि मध्ये तळं तयार होतं. हे बिंदू कोणत्या प्रकारचे, कोणत्या दिशेचे, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये किती रेषा जातात, हे सगळं दोन्ही ठशांत तसंच्या तसं यावं लागतं. भिंगाखाली एक काटा एका ठशावर, दुसरा दुसऱ्यावर ठेवून मोजत जायचं: इथे फाटा, तिथून उजवीकडे तीन रेषा सोडून शेवट, त्याच्या खाली दोन रेषांवर ठिपका. एका ठिकाणी जरी असा फरक निघाला ज्याचं कारण देता येत नाही, तर बाकीचे कितीही जुळोत, ठसा जुळला नाही.

या रेषा गर्भातच तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घडायला लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. आनुवंशिकतेबरोबर गर्भातला दाब, बोटाच्या टोकाच्या वाढीचा वेग अशा गोष्टी त्यांना वळण देतात, म्हणून एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे. गवंडी, ऊसतोड कामगार, दिवसभर भांडी घासणाऱ्या बायका यांच्या रेषा झिजतात, पण काम थांबलं की परत येतात, कारण त्यांचा साचा खालच्या थरात असतो. खोल भाजल्याचा, कापल्याचा व्रण मात्र कायम राहतो, आणि तोही ओळखीलाच मदत करतो.

किती बिंदू जुळले म्हणजे पुरे? आपल्याकडे कायद्यात आकडा नाही. आठ बिंदूंची प्रथा आहे. इंग्लंडमध्ये सोळाचा दंडक होता, तो त्यांनी 2001 मध्ये सोडून दिला. माझं मत विचाराल तर आकड्याचा अट्टहास फसवा आहे. स्वच्छ ठशातले आठ आणि धूसर ठशातून ओढूनताणून काढलेले बारा, यांत मी आठ घेईन.

आता मुख्य अडचण: तुलना करायची कोणाशी? यासाठी थोडं मागे जावं लागतं. 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर सहीबरोबर पंजाचा ठसा घेतला, तिथून आपल्याकडची गोष्ट सुरू होते. 1897 मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा कार्यालय सुरू झालं. पद्धतीला नाव मिळालं एडवर्ड हेन्री या पोलीस प्रमुखाचं, पण वर्गीकरणाचं गणित बसवणारे होते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे त्याचे दोन भारतीय फौजदार. दहा बोटांपैकी कुठल्या बोटांवर चक्र आहे त्यावरून पत्रिकांचे, म्हणजे दहाही बोटांचे ठसे घेतलेल्या कागदांचे, 1024 गट पाडता येतात. पण हे गणित चालायला दहाही बोटं लागतात. चोर दहा बोटं ठेवून जात नाही, एक-दोन ठेवतो. त्यामुळे संगणक येईपर्यंत चान्स प्रिंट फाइलमध्ये पडून राहायची, आणि तपासी अंमलदाराने संशयित आणून दिला की मगच तिची तुलना व्हायची. आधी माणूस, मग ठसा.

संगणकाने हे उलटं केलं. आज महाराष्ट्रात ठसे साठवून शोधणारी ॲम्बिस ही संगणक प्रणाली आहे, देशपातळीवर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नाफिस आहे, जी 2022 मध्ये सुरू झाली. अटक झालेल्याची दहा बोटं त्यात गेली की त्याला दहा आकडी राष्ट्रीय क्रमांक मिळतो, आणि साताऱ्यातली चान्स प्रिंट इंदूरला पकडलेल्या माणसाशी ताडून पाहता येते. मात्र मालिकांत दाखवतात तसा पडद्यावर फोटो येऊन लाल अक्षरांत नाव चमकत नाही. यंत्र उमेदवारांची यादी देतं, साम्याच्या गुणांनुसार. त्यातला खरा कोण, की त्यात कोणीच नाही, हे माणूस भिंग लावून ठरवतो. मग दुसरा तज्ज्ञ ते स्वतंत्रपणे तपासतो.

आणि यंत्रात मुळात काय गेलंय त्यावर सगळं अवलंबून. पोलीस ठाण्यात घाईत घेतलेली पत्रिका म्हणजे आमच्या खात्याचं जुनं दुखणं. शाई जास्त, बोट नुसतं दाबलेलं, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलेलंच नाही. अंगठा शरीराच्या दिशेने आणि बाकीची बोटं बाहेरच्या दिशेने फिरवायची, म्हणजे हात पिळवटत नाही आणि ठसा सरकत नाही. एवढं साधं, पण आरोपी हात आखडतो, हवालदाराला न्यायालयात वेळेत पोहोचायचं असतं, आणि पत्रिका वाया जाते. शाईऐवजी स्कॅनर आले तेव्हापासून बरंच सुधारलंय, कारण खराब ठसा यंत्रच नाकारतं. तरीही पहिल्यांदा चोरी करणारा, कधीच न पकडला गेलेला चोर या साठ्यात नसतोच. तुमच्या प्रकरणात शांतता असण्याचं हे एक साधं कारण असू शकतं. तो उद्या दुसऱ्या गुन्ह्यात पकडला गेला तर जुन्या, न उलगडलेल्या चान्स प्रिंटशी त्याची बोटं जुळू शकतात. म्हणून लायक ठसा साठ्यात चढला आहे का, हे महत्त्वाचं.

मग आधार का नाही? कारण कायदा. आधार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे बोटांचे ठसे आणि बुबुळाची माहिती कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाही. हा प्रश्न आपल्या शेजारी गोव्यातच उभा राहिला होता, कायदा व्हायच्याही आधी. 2013 मध्ये वास्कोतल्या एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला. घटनास्थळाच्या ठशांशी ताडण्यासाठी सीबीआयने गोव्यातल्या आधारधारकांची बायोमेट्रिक माहिती मागितली. गोव्यातल्या न्यायालयातून निघालेल्या आदेशांविरुद्ध आधार प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च 2014 मध्ये तिथे स्थगिती मिळाली. गुन्हा इतका घृणास्पद होता की मनातून कोणालाही वाटेल, द्या की ठसे. पण अर्धवट चान्स प्रिंट जितक्या मोठ्या साठ्यात टाकाल तितके तिच्यासारखे दिसणारे निरपराध लोकही जास्त वर येणार. हा नुसता खासगीपणाचा मुद्दा नाही, आमच्या शास्त्राचाही आहे. ते पुढे सांगतो.

अटक झालेल्याला ‘मी ठसे देणार नाही’ म्हणता येतं का? नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हा हक्क घटनेच्या कलम 20(3) मध्ये आहे. पण ठसा देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी 1961 मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात ठरवलं. आता 1920 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2022 चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आहे आणि नोंदी 75 वर्षं ठेवता येतात. निर्दोष सुटलेल्या, आधी शिक्षा नसलेल्या माणसाची नोंद काढून टाकायची तरतूद त्यात आहे. ती आपोआप होते असं मात्र धरून चालू नका.

आता शेवटचा, आणि माझ्या मते खरा प्रश्न. ठसा जुळला म्हणजे शिक्षा का? ठसा एवढंच सांगतो की या माणसाचं बोट या जागी लागलं. कधी लागलं हे सांगत नाही. ठशाचं वय खात्रीने काढायची पद्धत आजही नाही, आणि ‘ठसा ताजा दिसतो’ असं साक्षीत म्हणणाऱ्या तज्ज्ञाला उलटतपासणीत वकील सोलून काढतो, ते योग्यच आहे. का लागलं हेही ठसा सांगत नाही. अपवाद रक्तातल्या ठशाचा. रक्त ओलं असतानाच तो उमटतो, म्हणून तिथे वेळ आपोआप बांधली जाते.

हे कोडं या शास्त्राइतकंच जुनं आहे. जलपाईगुडीकडच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा कापलेला सापडला, पेटी फोडलेली होती. आत बंगाली पंचांगावर दोन तपकिरी डाग होते. त्यातला एक कांगालीचरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. त्याला आधी चोरीची शिक्षा झालेली असल्यामुळे ठसा दप्तरी होता. 1898 मध्ये निकाल लागला: चोरीबद्दल शिक्षा, खुनातून सुटका. पंचांगाला त्याचा हात लागला हे सिद्ध झालं, सुरा त्याने चालवला हे झालं नाही. सव्वाशे वर्षांनंतरही मला यापेक्षा नेमका निकाल माहीत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये जसपाल सिंग प्रकरणात अंगठ्याच्या ठशांचं शास्त्र अचूक असून त्यात चुकीला जागा नाही, अशा अर्थाचं म्हटलं होतं. सरकारी वकिलांचं हे आवडतं वाक्य. पण त्याच न्यायालयाने महमूद विरुद्ध उत्तर प्रदेश या खुनाच्या खटल्यात गंडासा या कोयत्यासारख्या हत्यारावरच्या ठशाचा अहवाल बाजूला ठेवला, कारण तज्ज्ञाने मताची कारणंच दिलेली नव्हती. मी दुसऱ्या निकालाच्या बाजूचा. ‘जुळतो’ हा एक शब्द लिहून सही करणाऱ्याचं मत न्यायालयाने का मानावं? मोठे केलेले फोटो, त्यांवर क्रमांक घातलेले बिंदू, प्रत्येकाचं वर्णन, हे सगळं न्यायाधीशाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे.

आणि चूक होते. 2004 मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डेटोनेटरच्या पिशवीवरचा एक ठसा अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या संगणकात टाकला. वीस उमेदवार आले, त्यात ओरेगन राज्यातला ब्रँडन मेफिल्ड हा वकील होता. एफबीआयच्या तज्ज्ञांनी तो जुळतो म्हटलं, न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही दुजोरा दिला. स्पेनचे पोलीस आधीपासून नाही म्हणत होते, आणि त्यांनी शेवटी तो ठसा उहनाने दाउद या अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. दोन आठवडे कोठडीत ठेवलेल्या माणसाची एफबीआयला माफी मागावी लागली. प्रचंड साठ्यातून यंत्राने जवळपास सारखा ठसा शोधून दिला, आणि एकदा ‘जुळतो’ म्हटल्यावर पुढच्याला फरक दिसेनासा झाला. आधारबद्दल मी वर म्हणालो ते यासाठी. पुढे एका अभ्यासात पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे, ‘ही मेफिल्डची चुकलेली जोडी’ असं सांगून परत दिले. तिघांनी आपलं मत उलटवलं, एकाने ठरवता येत नाही म्हटलं, एकच ठाम राहिला. म्हणून पडताळणी करणाऱ्याला पहिल्याचं मत आणि संशयिताची कहाणी कळू नये, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे मनुष्यबळ इतकं तुटपुंजं असतं की शेजारच्या टेबलावरचाच माणूस पडताळतो, आणि त्याला सगळं आधीच माहीत असतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तपासी अंमलदाराला लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी विचारा: उचललेल्यांपैकी तुलनेस लायक चान्स प्रिंट किती, घरच्यांचे ठसे वगळल्यावर त्यातल्या किती उरल्या, आणि उरलेल्या ॲम्बिस व नाफिसमध्ये शोधून न उलगडलेल्यांच्या साठ्यात ठेवल्या आहेत का. चोरीनंतर घरात येऊन गेलेल्या, पण ठसे न दिलेल्या कोणाची आठवण झाली तर तेही कळवा. आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात ठसा नेमका कुठल्या वस्तूवर, कुठल्या बाजूला मिळाला ते लिहिलंय का पाहा. ‘कपाटावरून ठसे घेतले’ एवढंच असेल तर अंमलदाराला आत्ताच सांगा. फोटो आणि कार्डावरच्या नोंदी ताज्या आहेत तोवर पुरवणी जबाब घेता येतो, खटला उभा राहिल्यावर तेच काम फार जड जातं.